पाव्हण्याला ठसका लागतो तेव्हा

मामांची कुजबुज पलीकडच्या काठाला ऐकू जायची. यात अतिशयोक्ती नाही, निदान फारशी नाही. वीस-पंचवीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते, पण हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते जगच हळू बोलायला लागलं होतं. "मोबाइल आल्यापास्नं मान्सं त्वांडातल्या त्वांडात बोलत्यात," असं ते म्हणायचे, म्हणजे ओरडायचे. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ते शेजारच्याच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "नवरा टकला हाय रं, म्हणून फेटा येवढा घट्ट बांधलाय!" भटजी थांबले. नवरदेवाने फेट्याला हात लावला. मामांनी इकडेतिकडे बघून "काय झालं? का थांबलं?" असं पुन्हा कुजबुजून विचारलं, आणि तेही सगळ्या मांडवाने ऐकलं.

त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मला ते कितपत जमेल, सांगता येत नाही. आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच, त्यामुळे चुकलं तर घरी विचारायलाही कुणी नाही.

आमचं गाव मेढ्याच्या बाजूला डोंगरात, धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडे आहे. रस्त्याने बाहेर पडायचं तर अख्खा डोंगर फिरून दोन-अडीच तास लागतात. पाण्यावरून पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं म्हणजे मामा. त्यांची लाकडी बोट होती आणि बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं एक जुनं इंजिन होतं. मी कॉलेजला जायचे ती त्या बोटीने. आई दुधाच्या किटल्या घेऊन पलीकडच्या डेअरीला जायची, तीही त्याच बोटीने.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. म्हातारी माणसंही, सरपंचही. त्यांची बायकोसुद्धा त्यांना मामाच म्हणायची. लग्नाआधी ती त्यांच्याच बोटीने शाळेला जायची आणि तेव्हाची सवय सुटली नाही. "आवं मामा, जेवाय या," अशी हाक आली की नवीन माणूस गोंधळायचा. मामांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

विचित्र वाटण्याच्या त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. सरकारने दिलेलं नारिंगी लाइफ जॅकेट ते बोटीत कधी घालत नसत, त्याची घडी करून बुडाखाली घेत. पण मेढ्याला जायचं असलं, एस.टी.त बसायचं असलं, की ते जॅकेट अंगात चढवून तिन्ही पट्टे आवळून निघायचे. मेढ्याच्या स्टँडवर उन्हाळ्यात नारिंगी जॅकेट घातलेला माणूस उभा दिसला की ते मामाच. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "पोरी, पाणी आपल्या वळखीचं हाय. रस्ता परका. परक्याचा काय भरवसा?"

आणि इंजिन. त्याला ते इंजिन म्हणत नसत, पाव्हणा म्हणत. कारण ते सांगलीहून आलं होतं.

ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, पण गावात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मला ती पाहिल्यासारखी वाटते. तिकडे नदीकाठच्या कुणीतरी पुरानंतर जुनं इंजिन विकायला काढलं होतं. मामा ते आणायला गेले. गुंडाळायला काही नव्हतं म्हणून मार्केट यार्डातून हळदीचं रिकामं पोतं घेतलं. त्यावर स्वतःची घोंगडी घातली. सांगलीच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, इंजिन बसमध्ये चालणार नाही. मामा एस.टी.तून उतरले, पोत्यावर स्वतःची टोपी ठेवली, दुसऱ्या बसमध्ये खिडकीशेजारी ते उभं करून बसवलं आणि दोन तिकिटं मागितली. कंडक्टरने विचारलं, "हे कोण?" मामा म्हणाले, "पाव्हणं हैत. तब्येत बरी न्हाई, बोलवू नगा." ते म्हणे साताऱ्यापर्यंत तसेच आले. कऱ्हाडला एका बाईने पाव्हण्याला संत्र्याची फोड देऊ केली.

घरी पोतं सोडलं तर इंजिन पिवळंधमक. लोक म्हणाले, नवरदेवाला हळद लागली. मामांना ते आवडलं नाही. "नवरदेव दोन दिस मिरवतो. ह्यो पाव्हणा हाय. पाव्हण्याचं रोज कराय लागतं."

ते खरोखर रोज करायचे. सकाळी बोट सुटायच्या आधी मागे बसून त्यांचं पुटपुटणं चालायचं, म्हणजे तेही सगळ्यांना ऐकू यायचं. "राम राम पाव्हणं. टोपी सैल करा. पाणी घ्या. गार वाजतंय का? घ्या घोंगडं. उठताय का?" मग दोरीला एक हिसका, आणि इंजिन सुरू. क्वचित दुसरा. तिसरा हिसका मी माझ्या तीन वर्षांत दोनदाच पाहिला. आम्ही कॉलेजची मुलं पुढे बसायचो आणि हसायचो. आई किटल्या टेकवायला जागा म्हणून अगदी मागे, मामांच्या पायाशी बसायची. ती हसायची नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसावं, घरी पाहुणे आले की तीही असंच करायची.

मी दुसऱ्या वर्षाला असताना नवे साहेब आले. तरुण होते, वाईट मुळीच नव्हते. प्रवासी बोटी तपासणं त्यांचं काम होतं. त्यांनी बोट पाहिली, फळ्या ठोकून पाहिल्या आणि विचारलं, "हे इंजिन तुमच्याशिवाय कुणाला सुरू करता येतं?"

मामा अभिमानाने म्हणाले, "कुन्नालाबी न्हाई!"

तिथेच घात झाला.

"मग पाण्याच्या मधोमध तुम्हाला चक्कर आली तर?" साहेब म्हणाले. "वीस माणसं काय करतील? असं चालणार नाही. इंजिन सुरू करायची पद्धत लिहून बोटीत लावा. पुढच्या आठवड्यात मी येईन. ती पद्धत वाचून दुसऱ्या कुणीही माझ्यासमोर इंजिन सुरू करून दाखवायचं. नाही जमलं तर बोट बंद."

मामांना हा अपमान वाटला. "म्या हाय की जित्ता!" असं ते दोन दिवस गावभर सांगत फिरले. मला वेगळीच धास्ती होती. बोट बंद म्हणजे माझं कॉलेज बंद. रोज पाच तास प्रवास करून कुणी मुलीला शिकवत नाही, निदान आमच्याकडे नाही. धाकट्या काकाने तर "आता बास झालं की शिक्षान" असं म्हणूनही टाकलं होतं.

पद्धत लिहायचं काम माझ्याकडे आलं. बी.एस्सी. म्हणजे सगळं येतं अशी गावाची समजूत. मी प्रॅक्टिकलची वही घेऊन मामांच्या ओट्यावर बसले.

"सांगा मामा. पहिली कृती?"

"राम राम करायचा."

"कुणाला?"

"पाव्हण्याला. आनि कुणाला? तुज्या प्राचार्याला?"

मी लिहिलं नाही. नुसतं पेन हलवलं.

"मंग त्येची टोपी सैल कराय सांगायची. आल्या आल्या टोपी न्हाई काढली तर मान्साचा जीव गुदमरतो. मंग लिंबू पिळायचं, घट्ट हुईस्तवर." लिंबू म्हणजे पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा, हे मला माहीत होतं. "मंग घोंगडं. पर गारठला आसंल तरच. दुपारच्याला घोंगडं घातलं तर पाव्हणा भडकतो."

"घोंगडं म्हणजे चोक ना, मामा?"

"तुमी त्येला काय बी म्हणा. मंग दोरी हळू वढून इचारायचं, उठताय का? त्येचा हुंकार हाताला लागतो. मंग हिसका. सुरू झाला की मागं वाकून बघायचं, पाव्हणा मुतला का."

माझे कान तापले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून बाहेर पडते, ती नसली तर इंजिन जळतं. मामांना तेच म्हणायचं होतं. पण हे साहेबांच्या कागदावर कसं लिहायचं?

"आनि ठसका लागला तर," मामा म्हणाले, "म्हंजी पेट्रोल ज्यादा झालं तर, वढत बसायचं न्हाई. घोंगडं काढायचं, पाठीवरनं हात फिरवायचा, तंबाखू मळायची. सावकाश. मंग मूठ पुरी पिळून वढायचं."

"तंबाखू इंजिनाला?"

"आपल्याला, येडे!"

मी घरी येऊन ते सगळं नीट करायला बसले. मला खरंच वाटत होतं की मी मामांवर उपकार करते आहे. राम राम काढला. टोपी काढून टाकली, कारण इंजिनाला कुठली टोपी? तंबाखू, पाठ, हुंकार सगळं गाळलं. उरलं ते शुद्ध केलं. 'उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष' असे मथळे दिले. 'चोक पूर्णपणे बाहेर ओढावा' असं लिहिलं, त्यात 'तरच' कुठे बसेना म्हणून तो गेला. आणि शेवटी लिहिलं, 'इंजिनातून जलविसर्जन होत असल्याची खात्री करावी.' त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. पंचायतीत लॅमिनेशन करून घेतलं.

साहेब आले ते दुपारी बारा वाजता, पलीकडच्या धक्क्यावर, जीपने. आम्ही सगळे बोटीने आधीच जाऊन थांबलो होतो. मामांनी इंजिन बंद केलं होतं आणि आल्यावर नेहमी करत तसं काहीतरी वळवून घट्ट केलं होतं. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी लॅमिनेशन पुसत होते.

साहेब मामांना म्हणाले, "तुम्ही काही बोलायचं नाही. लांब उभे राहा."

सुरू करायला फौजीकाका तयार झाले. ते सैन्यातून निवृत्त झाले होते आणि मामांशी त्यांचं बरं नव्हतं. "म्या टँक दुरुस्त केल्यात, हे काय," म्हणत ते बोटीत उतरले. मी काठावरून मोठ्याने वाचायला लागले.

"कृती एक. रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबावा."

दाबला.

"कृती दोन. चोक पूर्णपणे बाहेर ओढावा."

"घोंगडं कशाला! दुपार हाय!" असं लांबून ऐकू आलं.

"मामा," साहेब म्हणाले.

"म्या कुजबुजलो फकस्त!"

"कुजबुजायचंही नाही."

मामांनी टॉवेलाचं टोक तोंडात धरलं.

फौजीकाकांनी दोरी ओढली. इंजिन भर्रर्र करून सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आनंदाने पुढचं वाक्य वाचलं, "इंजिनातून जलविसर्जन होत असल्याची खात्री करावी."

"म्हंजी काय करू?" फौजीकाका घाबरले.

ते मी सांगेपर्यंत इंजिन बंद पडलं.

त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा. दहा वेळा, पंधरा वेळा. पेट्रोलचा वास काठापर्यंत आला. फौजीकाकांचा शर्ट भिजला, टोपी पाण्यात पडली, आणि शेवटी ते बोटीच्या फळीवर बसून म्हणाले, "ह्येच्यापरास टँक बरा." मी कागद वरून खाली दोनदा वाचला. पुढे काय करायचं ते त्यात नव्हतं. जे होतं ते सगळं आम्ही केलं होतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अजून कुणी?"

पुरुष मंडळी एकेक पाऊल मागे सरकली. मामा झाडाखाली टॉवेल चावत उभे होते, डोळे लाल. मला रडू यायला लागलं. त्यांच्यासाठी आलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण त्या वेळी मला माझ्या कॉलेजचंच येत होतं.

"म्या बघू का?" आई म्हणाली.

ती किटल्यांपाशी उभी होती. दुसरीपर्यंत शिकलेली. लॅमिनेशन केलेला कागद तिच्यापुढे धरण्यात अर्थ नव्हता.

"वाचून सांगू?" मी विचारलं.

"नगं. तुजं वाचून तर त्येला ठसका लागलाय." तिने पदर खोचला आणि बोटीत उतरली. "फौजी भावजी, सरका. पाव्हण्याला आसं वढत्यात व्हय? घरी आलेल्या मान्साच्या गळ्याला कुणी दोरी लावून वढतं का?"

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू होता. मी तो इतक्या फेऱ्यांत एकदाही पाहिला नव्हता. तिने तो दोन बोटांनी फिरवला. फुस्स झालं. उन्हाने टाकीत कोंडलेली वाफ बाहेर पडली. तो स्क्रू म्हणजे मामांची टोपी. ती वाफच पेट्रोल इंजिनात ढकलत होती आणि आम्ही वरून फुगा पिळत होतो.

"सोडला बगा सुस्कारा," आई म्हणाली. चोक आत ढकलला. "घोंगडं काढलं. घामाघूम झाला हुता." मग इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवून ती स्वस्थ बसली.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता तंबाखू मळायची."

"काय?"

"म्या खात न्हाई. भावजी, मळा तुमी."

फौजीकाकांनी चंची काढली. वीस-पंचवीस माणसं, एक सरकारी अधिकारी आणि एक ड्रायव्हर, सगळे त्यांच्या तळहाताकडे बघत उभे राहिले. चुना लावला, मळली, झटकली, दाढेखाली गेली. जेवढा वेळ लागला तेवढ्यात वास विरला, जास्तीचं पेट्रोल उडून गेलं. हे मी आता सांगते आहे. तेव्हा मला वाटत होतं, झालं, आता आमच्या सगळ्यांची अब्रू गेली.

आईने इंजिनाचा वेग वाढवायची मूठ पुरी पिळली. दोरी हळू ओढली आणि थांबली.

"उठताय का, पाव्हणं?"

पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला फट् झालं आणि निळा धूर आला. तिसऱ्याला इंजिन धडधडायला लागलं आणि धडधडत राहिलं. आई मागे वाकली, आम्ही सगळे वाकलो, साहेबही वाकले. मागून बारीक, सरळ धार पडत होती.

"मुतला!" मामांच्या तोंडातून टॉवेल पडला. "मुतला वं सायेब!"

तो आवाज डोंगरावर आपटून परत आला.

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि परत दिला. "तुम्ही लिहिलंत?"

"हो सर."

"अक्षर छान आहे," ते म्हणाले. "आता यांनी जे केलं ते लिहा. जसं केलं तसं."

मी तिथेच जीपच्या बॉनेटवर दुसरा कागद लिहिला. मामा आणि आई दोन्ही बाजूंनी सांगत होते आणि तंबाखू किती वेळ मळायची यावरून त्यांचं भांडणही झालं. साहेबांनी त्यावर सही केली. मग त्यांनी बोटीच्या दुसऱ्या चालकाचा अर्ज काढला आणि आईला नाव, वय विचारलं.

"शिक्षण?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "लेक बीएस्सीच्या दुसऱ्या वरसाला हाय."

"तिचं नाही. तुमचं."

"त्येच की."

साहेबांनी त्या रकान्यात काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही, आणि मी आजपर्यंत विचारलंही नाही.

परत निघताना साहेब म्हणाले, आता या बाईंनीच बोट न्यावी, मी काठावरून बघतो. त्यामुळे मामांना पुढे बसावं लागलं, आम्हा मुलांच्या जागी. ते पुढे बसलेले कुणी कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला ते इंजिनाच्या प्रत्येक आवाजाला मान वळवत होते. आई म्हणाली, "म्होरं बघा, मामा." मग ते पुढे बघायला लागले आणि मध्यावर आल्यावर बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांनी मागे बसून माणसांच्या डोक्यांवरून, छत्र्यांवरून, किटल्यांवरून वाट काढली होती.

"ह्ये आपलं गाव व्हय?" ते म्हणाले. "बरं दिसतंय की."



"त्यो आंबा कवा येवढा झाला?"

बोट काठाला लागली. पुढे बसलेल्याने उडी मारून दोरी धरायची असते, हे त्यांना माहीत होतं, पण ते आपल्याला लागू होतं हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी दोरी धरली. माणसं उतरली, किटल्या उतरल्या, शेवटी आई उतरली आणि तिने त्यांच्या हातातली दोरी घेऊन खुंट्याला बांधली. मामा ओल्या धोतराने तिथेच उभे. रोज आम्ही उतरून निघून गेलो की ते बोटीतच थांबत, पुढच्या फेरीपर्यंत.

"आता वं?" त्यांनी आईला विचारलं. "उतरलेली मान्सं म्होरं काय करत्यात?"

"घरी जात्यात, मामा."

"आस्सं," मामा म्हणाले, आणि आमच्याबरोबर चढ चढायला लागले.